हात खाली, तोंडानं बोल

डॉक्टरांनी कुंदाच्या पाठीमागे उभं राहून पितळी घंटा वाजवली आणि मी दचकले. कुंदा दचकली नाही. टेबलावर ठेवलेली लाकडी बदकं ती एका रांगेत लावत होती, ती लावतच राहिली.

मग त्यांनी शिट्टी वाजवली. मग एक लहानसा ढोल बडवला. ढोलाला कुंदानं मान वळवली तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच, "बघा, ऐकलं!"

"ऐकलं नाही," डॉक्टर म्हणाले. "ढोल टेबलाला टेकलेला होता. टेबल हादरलं, ते तिच्या हाताला कळलं." त्यांनी ढोल हातात उचलून पुन्हा वाजवला. कुंदा बदकांत दंग होती.

हात पुसून ते खुर्चीवर बसले. "बाई, तुमची मुलगी मुकी नाही. ती दोन्ही कानांनी बहिरी आहे. जे कानावर पडतच नाही ते ती बोलणार कसं?"

कागदावर त्यांनी नर्व्ह डेफनेस असं लिहिलं. म्हणजे कानाचं छिद्र ठीक, पडदा ठीक, पण आतून मेंदूकडे आवाज नेणारी नस निकामी. त्यावर औषध नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. अकराव्या महिन्यात तिला मेंदूज्वर झाला होता, त्यात ती नस गेली असावी असं ते म्हणाले. त्या तापाच्या आधी कुंदा "बाबा, बाबा" करायची. ताप उतरला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. तापानं जाताना काय नेलं, हे मला आता, ती साडेतीन वर्षांची झाल्यावर कळत होतं.

तुमच्यापैकी कुणाचं मूल वेळेत बोलत नसेल तर तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतील की इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही. मलाही डॉक्टरांनी विचारला, नर्सनं विचारला, बाकावर शेजारी बसलेल्या बाईनंसुद्धा विचारला. त्या वेळी मला त्याचा फार संताप यायचा. म्हणून आधी त्याचं उत्तर देते.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. आमचे हे मालवणकडचे, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात कामाला. तिथं शेकडो माग एका वेळी धडधडत असतात. माणसानं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू जात नाही. त्यामुळे तिथले कामगार ओठ हलवून आणि हातांनी बोलतात. धागा तुटला, धोटा दे, जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम येतोय, चहाला चल, सगळ्याला खुणा. बारा वर्षं तिथं काढल्यावर ह्यांना घरातही तशीच सवय. त्यांचा स्वतःचा एक कान मंद झालेला. जेवताना भात हवा असला तरी तोंड उघडायचे नाहीत, बोटं हलवायचे.

कुंदानं ते सगळं उचललं. बाप दारात आला की दोघांचं हातांनी सुरू. ती पाण्याचा तांब्या आणून द्यायची, चप्पल जागेवर ठेवायची, रुसायची, हसायची. जी मुलगी सांगितलेलं सगळं ऐकते तिला ऐकू येत नाही असं कुणाच्या मनात तरी येईल का?

मी सातवी पास होते आणि चाळीत त्याची मला चांगलीच मिजास होती. ही हातवाऱ्यांची भाषा मला अडाणीपणाची वाटायची. "घरात तरी माणसासारखं तोंडानं बोला," असं मी ह्यांना कितीदा सुनावलं असेल. पोर बोलत नाही ती ह्यांच्यामुळेच, अशी माझी खात्री होती. जीभ जड आहे म्हणून मी वेखंड उगाळून मधातून चाटवलं. गंगूमावशी शेजारच्या खोलीतल्या, त्यांनी कुणाकडून तरी पोपटानं उष्टावलेला पेरू आणला, तोही चारला.

आणखी एक गोष्ट सांगायला मला अजून लाज वाटते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या रस्त्यावर गोळीबार झाला त्या दिवशी आम्ही बायका पोरांना पोटाशी धरून खाटेखाली शिरलो. सगळ्या चाळीतली मुलं किंचाळत होती. दोन वर्षांची कुंदा मात्र मधोमध बसून पत्र्याच्या डब्यात चिंचोके टाकत होती. गंगूमावशी म्हणाल्या, "गो, तुजा चेडू म्हणजे वाघ आसा, वाघ! गोळयेक पण घाबरणा नाय." ही गोष्ट पुढं चाळभर झाली. मी स्वतः नळावर ती चारचौघींना अभिमानानं सांगितली. एवढी उघड खूण समोर आली आणि आम्ही तिचं कौतुक केलं.

निदानानंतर वाचेची तपासणी. स्पीच टेस्ट म्हणतात तिला. मुलाला किती शब्द कळतात, तोंडातून कोणते आवाज निघतात, जीभ, टाळू, ओठ नीट आहेत का, हे त्यात बघतात. तिची तारीख मिळाली त्या दिवशी हरताळ. दुसरी मिळाली त्या दिवशी संचारबंदी. तिसऱ्या तारखेला आम्ही तिघं सकाळी सातला जाऊन बसलो आणि बाराला आत गेलो. मधले पाच तास मी देवाला एवढंच म्हणत होते की डॉक्टरांची घंटा खोटी ठरू दे.

तपासणाऱ्या बाई मध्यम वयाच्या होत्या, आवाज फार मऊ. त्यांनी चेंडू, बाहुली, वाटी समोर मांडली आणि म्हणाल्या, "कुंदा, चेंडू दे." कुंदानं चेंडू दिला. माझ्या जीवात जीव आला.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हनुवटीनं चेंडू दाखवलात. दोन्ही हात मांडीखाली घ्या आणि खाली बघा." ह्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. मग स्वतःच्या तोंडासमोर वही धरून त्या म्हणाल्या, "कुंदा, वाटी दे." कुंदा वहीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग बापाकडे. आम्ही दोघं हातांवर बसून जमिनीकडे बघत होतो. ती रडायला लागली.

बाईंनी लिहिलं ते असं : बुद्धी उत्तम, जीभ आणि टाळू निर्दोष, ऐकून समजलेला शब्द एकही नाही. गिरगावच्या बाजूला अशा मुलांची शाळा होती, तिथं पाठवा म्हणाल्या. आरशासमोर बसवून, गळ्यावर हात ठेवायला लावून तिथं एकेक आवाज काढायला शिकवतात.

"आणि घरात आजपासून हातवारे पूर्ण बंद," बाई म्हणाल्या. "हात बोलायला लागले की तोंडाला गरजच राहत नाही. तुम्ही मन घट्ट केलंत तरच ही बोलेल."

त्यांचा दोष नाही. त्या काळी सगळे जाणकार हेच सांगत आणि मनापासून सांगत. पण माझ्यासारखीच्या हातात तो नियम पडायला नको होता. मला वाटलं, बघा, मी इतकी वर्षं म्हणत होते तेच ह्या शिकलेल्या बाई म्हणताहेत.

घरी येताना ट्राममध्ये हे म्हणाले, "तिका माझा सगळा समाजता. ह्या पण काढून घेतलंस तर तिना बोलूचा कशान?"

"तोंडानं," मी म्हटलं. "तुमच्यासारखं खात्यातलं जनावर करायचं नाहीये मला तिला."

हे मी बोलले. ते तोंड वळवून खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतरचे आठ महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते, फार सांगवत नाही. रोज सकाळी ट्रामनं शाळा. आरसा, मेणबत्ती, "प" म्हणताना ज्योत हलली पाहिजे. घरी आल्यावर पुन्हा तेच. कुंदानं हात उचलला की मी तो धरून खाली दाबायची आणि ओठ मोठे करून म्हणायची, "हात खाली. तोंडानं बोल." नाहीच ऐकलं तर फ्रॉकच्या नाडीनं दोन्ही मनगटं मागं बांधायची, पाच मिनिटं, कधी दहा. बाप घरी आला की ती दाराकडे धावायची. हे हात पाठीमागं धरून उभे राहायचे, मी बघत असायची ना. हळूहळू ती धावायची थांबली.

आठ महिन्यांत तिला तीन शब्द आले. "आ" म्हणजे मी. "बा" म्हणजे हे. आणि "पाव". पाव हा शब्द तिला अगदी सुरेख यायचा. तो म्हटला की शाळेतल्या बाई टाळ्या वाजवायच्या, मी तिला उचलून घ्यायची आणि खरोखरचा पाव मिळायचा. तीन शब्दांचा मी चाळीत काय डांगोरा पिटला होता!

एका सोमवारी तिला थोडी कणकण होती. सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पाव." मी दिला. तिनं तो हातात धरला, खाल्ला नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "पाव." मी दुधात बुडवून भरवला, तो तिनं ओकून टाकला. मग ती भिंतीला टेकून बसली, हात पाठीमागं, आणि म्हणत राहिली, "पाव. पाव. पाव." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिच्यापुढं बसून ओठ मोठे करून विचारत होते, "कुठं दुखतं? सांग. तोंडानं सांग." मंगळवारी अंग तापलं. चाळीजवळच्या डॉक्टरनं पोटाचं औषध दिलं. ऐकू न येणारा कान दुखू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि तिचे केस मी कानांवरून घट्ट बांधले होते.

बुधवारी दुपारी हे पहिली पाळी करून आले. तिची अवस्था बघितली आणि पिशवी खाली टाकून तिच्यासमोर उकिडवे बसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात पुढं आणून त्यांनी बोटांनी विचारलं. कुंदा आधी माझ्याकडे बघायला लागली. मी होकाराची मान हलवली, तेव्हा कुठं तिनं हात मागून काढला आणि उजव्या कानामागं ठेवला. ह्यांनी केस बाजूला केले. कानामागं लिंबाएवढी लालभडक सूज होती.

त्याला मॅस्टॉइड म्हणतात, कानामागचं हाड पोखरून आत पू होतो. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर पू मेंदूकडे सरकला असता. तीन दिवस मुलगी काही बोलली नाही का?" मी म्हटलं, "बोलत होती."

त्या डॉक्टरांचे, पट्ट्या बदलणाऱ्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही. कुंदा वाचली, ती त्यांच्यामुळे आणि बापाच्या हातांमुळे. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. लवकर तपासून घ्या. शाळेत घाला, आरसा, मेणबत्ती, सगळं करा. पण ज्या वाटेनं ते तुमच्याशी बोलतंय ती वाट, कुणीही सांगितलं तरी, बंद करू नका. ह्याहून शहाणपणाचं माझ्याकडे काही नाही.

चौथ्या दिवशी तिला उशीला टेकवून बसवलं. डोक्याला पट्ट्या होत्या. हे खाटेवर बसले आणि दोघांचे हात सुरू झाले. आठ महिन्यांचं साठलेलं असावं, कारण ती थांबेचना. मी बाजूला स्टुलावर बसून बघत होते. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. मध्येच तिनं दोन बोटांनी भुवया आवळल्यासारखं केलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि हात उघडला. ह्यांचे हात थांबले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"ती जॉबराची खूण," ते सावकाश म्हणाले. "जॉबर तापलो की आमी तशी करतंव." मग म्हणाले, "ती विचारता, आईचो राग गेलो काय?"

आठ महिने तिला हेच वाटत होतं. नियम काय, शाळा कशाला, तिला कोण सांगणार? सांगायचे हात तर मी बांधले होते. आईला राग आलाय, एवढाच अर्थ तिनं लावला होता.

"तिला सांगा, मी रागावले नव्हते," मी ह्यांना म्हटलं. "ते कसं सांगायचं, मला दाखवा."

त्यांनी हात वर उचलले, थोडे हलवले आणि मांडीवर ठेवले. "तशी खूण खात्यात नाय," ते म्हणाले.

मी कुंदाचा हात हातात घेतला. तो धरला तशी ती गप्प झाली आणि तिनं दुसरा हात आपणहून चादरीखाली घेतला.