शर्ट बाहेर, मग पट्टा कशाला?

वर्ध्यात माझं पुरुषांच्या रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे, आणि एका गोष्टीवरून मी बरीच वर्षं गिऱ्हाइकांशी वाद घालत आलो. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर पट्टा लावायचा नाही, हे माझं ठाम मत. आत झाकलेलं बक्कल पोटावर उगाच उंचवटा करतं आणि नव्या शर्टाची सगळी शोभा जाते. पँट कमरेला नीट बसत असेल तर पट्ट्याची गरज नाही, बसत नसेल तर पँट बदला. दुकानदाराने पट्टे विकायचे सोडून असा उपदेश करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, असं बायको म्हणते. पण चुकीचे कपडे घातलेला माणूस मला बघवत नाही. लग्नाच्या पंगतीतही माझं लक्ष ताटाकडे कमी, लोकांच्या कमरेकडे जास्त.

माणूस दारातून आत आला की टेप न लावता मी त्याची कंबर सांगतो. चौतीस, छत्तीस, चाळीस. सहसा चुकत नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी मिरवतही होतो.

बाबा नालवाडीला राहतात. तिथे आमची लहानशी भाजीची वाडी आहे. मेथी, पालक, वांगी, असं काहीबाही वर्षभर चालू असतं. आई गेल्यापासून ते एकटेच तिथे करतात-सवरतात. सकाळी भाजी बाजारात पोचवली की माझ्या दुकानावर येऊन चहा घेतात आणि परत जातात. शर्ट कायम बाहेर. चाळीस नंबरचे दोन शर्ट दर दिवाळीला मीच देतो. वाडी ठोक्याने, म्हणजे ठरावीक पैशांवर दुसऱ्याला कसायला, देऊन टाका आणि आमच्याकडे राहायला या, असं मी दोन वर्षांपासून त्यांच्या मागे लागलो होतो. एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "ज्या दिवशी तब्येत बिघडली, त्या दिवशी मी तुमचं काई आयकणार नाई. वाडी देऊन टाकीन." ते नुसतं हसले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, चहा यायला वेळ होता म्हणून ते दुकानात पट्ट्यांजवळ उभे राहिले. एक काढून हातात घेतला आणि त्याची भोकं चाचपू लागले.

"हा किती लहान होते?" त्यांनी विचारलं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि मला तर व्याख्यानाची खाजच. "बाबा, तुमचा शर्ट बाहेर. कोण पाह्यते तुमचा पट्टा? कायले लागते?" गिऱ्हाइकं हसली. बाबांनी पट्टा होता तिथे लटकवला आणि चहा पिऊन ते गेले.

मग दिवाळी आली. भाऊबिजेला आम्ही दोघं सिंदी मेघेला आत्याकडे जातो. आत्या बाबांपेक्षा मोठी. ओवाळून झालं की बाबा तिच्या पाया पडतात, आणि मी मागे उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो. यंदाही बाबा वाकले आणि नवा शर्ट मागून वर सरकला. कमरेला सुतळी होती. पोती बांधायची सुतळी, दुहेरी करून पँटीच्या लूपमधून ओवलेली. पँटीच्या चुण्या पोत्याच्या तोंडासारख्या गोळा झाल्या होत्या. छत्तीसची पँट होती ती, माझ्याच दुकानातली.

"काढला का रे फोटो?" आत्याने विचारलं. मी हो म्हटलं. काढला नव्हता. नंतर फराळाचं काय खाल्लं ते मला आठवत नाही. रोज समोर बसून चहा पिणारा माझा बाप एवढा वाळला आणि मला पत्ता नव्हता. चेहरा उतरलेला दिसला नव्हता असं नाही, पण उन्हानं झालं असेल म्हणून मी तो विषय मनातच मिटवला होता. बाकीचं सगळं त्या चाळीस नंबरच्या शर्टाने झाकलं.

परत जाताना नालवाडीच्या रस्त्यावर मी गाडी बाजूला घेतली.

"सुतळी काऊन बांधली?"

बाबा म्हणाले, "जुन्या पट्ट्याले खिळ्यानं भोकं पाडत गेलो. तुटला तो."

"मंग मले मांगाचा ना! घरचं दुकान आहे."

"मांगतला व्हता."

"मांगतला नाई. हात लावून पाह्यला फक्त."

"बापानं पोराले मांगाचं म्हणजे आखीन कसं असते?"

माझा आवाज चढला. चूक आपली असली की माझा आवाज हमखास चढतो. "अन् एवढे बारीक हून राह्यले, ते तरी सांगाचं!"

"सांगतलं असतं तं तू वाडी देऊन टाकली असती."

"नाई," मी म्हणालो. ते धडधडीत खोटं होतं. दिलीच असती, आणि वर चारचौघांत सांगत फिरलो असतो की मी बापाची किती काळजी घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं. शुगर निघाली, आणि तीही चांगलीच वाढलेली. गोळ्या आणि पथ्य नीट सांभाळलं तर वजन हळूहळू भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "वाडीत जाऊ का मी?" सांगायला लाज वाटते, पण डॉक्टरांनी नाही म्हणावं असं मला त्या क्षणी वाटलं. माझं काम परस्पर झालं असतं. डॉक्टर म्हणाले, "जा की. फक्त उपाशीपोटी नका जाऊ, अन् अनवाणी नका फिरू."

तिथून आम्ही थेट दुकानावर आलो. इतक्या वर्षांत मी बाबांच्या कमरेला टेप लावली नव्हती. लावली. तीस. त्यांनी आकडा विचारला नाही. रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "मंग वाडीचं काय करतो?"

मी चांगल्या चामड्याचा एक पट्टा काढला आणि बक्कल सोडवलं. लांब पट्टा त्या बाजूने मापाला कापून पुन्हा बक्कल बसवायचं असतं. कात्री उचलली तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं.

"कापू नोको," ते म्हणाले. "वाढत्या अंगाचा दे."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. कात्री ठेवली. बक्कल परत बसवलं, पट्ट्याला बरंच आत एक नवं भोक पाडलं आणि तो त्यांच्या कमरेला बांधला. उरलेलं टोक लूपमधून पार मागपर्यंत गेलं. वरून शर्ट सोडला. मग गाडी काढली आणि त्यांना वाडीत नेऊन सोडलं.