खोलीतली दुसरी व्यक्ती

रोह्याच्या एका कंपनीत मी हिशेब तपासतो. अफरातफरीचं प्रकरण आलं की आकडे कळत, पुढचा कायदा कळत नसे. म्हणून पन्नाशीच्या आसपास फौजदारी न्याय या विषयाच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. अभ्यास, परीक्षा सगळं ऑनलाइन, पेणच्या घरून. शेवटच्या पेपरात माझ्यावर गैरप्रकाराचा ठपका आला. तो राहिला असता तर पदवी गेली असती, आणि लोकांच्या लबाड्या शोधणाऱ्याच्या नावावर लबाडी लागली असती.

पेपर लिहिताना लॅपटॉपचा कॅमेरा नजर ठेवतो. खोलीत दुसरं कुणी दिसलं, मान वळली किंवा चेहरा दिसेनासा झाला की इशारा, तिसऱ्या इशाऱ्याला पेपर बंद. खुर्चीवरून उठायचं नाही.

बायकोचा घरातच गणपतींचा कारखाना आहे. श्रावणात दार लागेल अशी एकच खोली उरते, तिथेही माझ्या मागच्या फळीवर एक मोठी मूर्ती होती. आदल्या दिवशी मी कॅमेऱ्याची चाचणी घेतली. अडचण नव्हती. परीक्षेच्या सकाळी बायकोनं त्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी केली.

"हात लावू नका हां, डोळे ओले हायत," ती जाताना म्हणाली. "अडलात तर त्यालाच विचारा. बुद्धी त्याच्याकडेच हाय."

पेपर सुरू झाला आणि इशारा आला: खोलीत दुसरी व्यक्ती आहे. मी मागे वळून पाहिलं, त्याबद्दल दुसरा. मूर्तीवर कापड टाकता येईना, उठताही येईना. डोकं वाकडं करून तिला झाकायला गेलो तर माझाच चेहरा चौकटीबाहेर गेला. पेपर बंद झाला.

विद्यापीठानं दुसऱ्या व्यक्तीचं नाव, ओळखपत्र आणि माझं तिच्याशी नातं विचारलं.

"नातं काय लिवणार?" बायको हसली. "पाहुणा लिवा."

मी मातीची मूर्ती असं लिहिलं. ते पुरेसं ठरलं नाही. कॅमेऱ्यानं टिपलेल्या फोटोत सोंड माझ्या खांद्याआड गेली होती, मुकुट अंधारात होता. डोळे तेवढे स्पष्ट होते.

समितीपुढे ऑनलाइन सुनावणी लागली ती गणपती होऊन गेल्यावर.

"ती मूर्ती दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

"विसर्जन झालं, सर. निडी गावात एका घरी दीड दिवसाचा होता."

"म्हणजे मुद्देमाल पाण्यात."

"हो."

हे बायको दारातून ऐकत होती. माघी गणपतीसाठी केलेली, अजून डोळे न काढलेली एक मूर्ती तिनं उचलून त्याच फळीवर ठेवली आणि कुंचला घेतला. मी समितीची परवानगी मागितली आणि परीक्षेचा कॅमेरा चालू करायला सांगितलं.

एक डोळा काढून ती बाजूला झाली. काही घडलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. ती मात्र नेहमीच्याच गतीनं दुसऱ्या डोळ्याकडे वळली. तो काढून ती बाजूला झाली, आणि पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्याभोवती इशाऱ्याची लाल चौकट आली.

"आला बघा पाहुणा," ती म्हणाली.

ठपका रद्द झाला. पेपर पुन्हा दिला, उघड्या भिंतीला पाठ लावून, आणि पास झालो. समितीच्या निर्णयात कारण एका ओळीत आहे: दुसऱ्या व्यक्तीनं परीक्षार्थीला कोणतीही मदत केलेली नाही.

बायकोला ते मान्य नाही.