अण्णांच्या जीपचं इंजिन शोधायला डिचोलीला

"लोक गोव्याला समुद्र बघायला जातात, आणि तू भंगार बघायला निघालीस," नवरा म्हणाला. मी म्हटलं, समुद्र कुठं पळून जात नाही, भंगार जातं. एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी सहा वाजता गडहिंग्लजहून मी एकटीनं जीप काढली.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते ऐन तारुण्यात डिचोलीच्या एका खाणीवर जीप चालवायचे. खाणीनं जुन्या गाड्या काढून टाकल्या तेव्हा त्यांनी स्वतः चालवलेलीच जीप विकत घेतली, गावी आणली आणि वडापचा, म्हणजे गावोगाव माणसं ने-आण करायचा, धंदा सुरू केला. आमचं बालपण त्या गाडीच्या आवाजावर गेलं. संध्याकाळी ओढ्याच्या वळणावर बारीक, लांबट सूर यायचा, कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. तो ऐकला की मी हातातलं टाकून पळत सुटायचे. पुढं मी शिकायला कोल्हापूरला गेले, घरी पाहुण्यासारखी येऊ लागले. त्याच वर्षी पेट्रोल परवडेना म्हणून अण्णांनी डिचोलीला जाऊन जीपला डिझेल इंजिन बसवून घेतलं. जुनं इंजिन तिथल्याच मेस्त्रीला दिलं.

अण्णा सहा वर्षांपूर्वी गेले. जीप चिंचेखाली कुजत पडली होती. तीन वर्षांपूर्वी मी ती हौसेनं नीट करून घेतली. ब्रेक नवे, हूड नवं. दुसऱ्या गिअरमधून निसटणारी तीन गिअरची जुनी पेटी काढून अलीकडच्या मॉडेलची चार गिअरची पेटी बसवली. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. पण ती अण्णांची वाटेना. वळणावरचा तो सूर कुठं गेला? खापर मी डिझेलवर फोडलं. मूळ पेट्रोल इंजिन परत आणायचं आणि तो आवाज पुन्हा एकदा ऐकायचा, एवढ्या एका वेडापायी हा प्रवास.

आजरा, आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग, डिचोली. सगळं मिळून एकशे तीस-चाळीस किलोमीटर होतं. नव्या गाडीला साडेतीन तास पुरतात, जुन्या जीपला सहा धरा. आंबोलीत थांबून गरम भजी खा आणि ब्रेकही गार होऊ द्या, घाट उतरताना दोन्ही उपयोगी पडतात. दोडामार्गच्या पुढं रस्त्याकडेला पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वास सुरू झाला. अण्णा सुट्टीला यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीला हाच वास असायचा. स्टिअरिंग हातात असताना रडू नये, हेही प्रवासाच्या सूचनांत लिहून ठेवा.

डिचोलीत बसस्टँडजवळ साधी, स्वच्छ खोली बाराशेला मिळाली. सकाळच्या पातळभाजी-पावाला तोड नाही. दुपारी माशाचं ताट दोनशेच्या आसपास.

अण्णांनी जुनं इंजिन दिलं होतं त्या सगुणमेस्त्रींचं गॅरेज बाजारापासून जरा लांब, फणसाखाली. मेस्त्री सत्तरीपलीकडचे. मी नाव सांगायच्या आत माझ्याकडं टक लावून म्हणाले, "गडहिंग्लजवाल्याची धूव मगो तू? नाक तेंच." धूव म्हणजे मुलगी.

मी गाडीचं जुनं आरसी पुस्तक पुढं केलं. त्यावरचा इंजिन नंबर त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"इंजिन आसा. पूण हांगा ना. पेडण्यां आसा, उमाकांतबाबाच्या जीपीत." इंजिन होतं, पण इथं नाही, पेडण्याच्या कुणा उमाकांतबाबांच्या जीपमध्ये.

आता थोडं कामाचं. कुणाला असली अदलाबदल करायची असेल तर मेस्त्रींनी सांगितलेलं ध्यानात ठेवा. जुनं इंजिन नव्या पेटीला सरळ बसत नाही. मधली प्लेट लेथवर करून घ्यावी लागते, क्लचप्लेट कुठली चालेल ते मोजून बघावं लागतं, आणि शाफ्टच्या टोकाचं बुश वेगळं लागतं. शिवाय इंजिन बदललं की पुस्तकावर नंबर चढवून घ्या, नाहीतर नाक्यावर उभे राहाल. खाणीच्या काळात मात्र डिचोलीत कोण कशाला विचारत होतं! एका गाडीचं इंजिन, दुसरीची पेटी, तिसरीचा ॲक्सल. मेस्त्री म्हणाले, "खाणीवयली जीप म्हणजे चवथीचें मखर. सामान तेंच, जोडणी दर वर्सा नवी."

शुक्रवारी आम्ही दोघं माझ्या जीपमधून पेडण्याला निघालो. मेस्त्रींना म्हापशाच्या बाजारातून मिरच्या घ्यायच्या होत्या. वाचकहो, शुक्रवारी म्हापशातून गाडी नेऊ नका. तासभर आम्ही बसगाड्यांच्या आणि टोपल्यांच्या मध्ये अडकून होतो, आणि मेस्त्री खाली उतरून शांतपणे मिरच्यांची घासाघीस करत होते.

उमाकांतबाब पेडण्याच्या डोंगरावर काजूची बागायत सांभाळतात. बोंडं खाली आणायला त्यांची जीप. माणूस मोकळा. आधी दोघांच्या हातात नीरोचे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या ताज्या रसाचे, पेले दिले, मग बॉनेट उघडलं. मी चिंधीनं ब्लॉकवरची माती पुसली. पुस्तकातलाच नंबर. आकडा न् आकडा जुळला. मी तिथं हात ठेवून उभी राहिले. नुकत्याच झालेल्या फेरीनं ते गरम होतं.

उमाकांतबाबांनी गाडी चालू केली. मी कान टवकारले. नुसती फटफट. मग आम्ही तिघं बसलो, त्यांनी दुसरा गिअर टाकला, जीप चढाला लागली, आणि आला. तोच सूर. जरा वरच्या पट्टीतला, पण तोच. मी चाळीस पार केलेली बाई, दोन परक्या पुरुषांसमोर पदर डोळ्यांना लावून बसले. त्या क्षणी मला अण्णा हवे होते, बाकी काही नको होतं.

"व्हर गो बाय," उमाकांतबाब वर पोचल्यावर म्हणाले. "तुज्या बापायचें तें. हांव दुसरें बसयतां."

ते इंजिन मला देऊन टाकायला तयार होते. मी हात जोडायला गेले, तेवढ्यात मेस्त्रींनी थांबवलं, "रावात मात्शें. उमाकांतबाब, गाडी फिरव. इंजिन बंद कर, न्यूट्रल घाल आनी सोड खाला."

ही त्यांची जुनी पद्धत. आवाज कुठला ते कळेना की गाडी बंद करून उतारावर सोडायची. उतारावर गाडी फट मारत नाही, म्हणजे खोटं बोलत नाही, असं ते म्हणतात. उमाकांतबाबांनी किल्ली फिरवली. इंजिन गप झालं. जीप आपल्या वजनानं खाली घरंगळायला लागली, काजूची पानं अंगाला घासत होती, आणि सूर चालूच होता. तसाच. वेग वाढला तसा वाढला, ब्रेक लावला तसा उतरला.

"इंजिनाचो न्हय, बाय," मेस्त्री हळू म्हणाले. "पेटयेचो. फाटल्यान फोर-व्हीलची पेटी आसा न्हय, तिच्या दांतांचो. तुजी पेटी खंय गेली?"

मी सांगितलं. जुनी पेटी, मागच्या फोर-व्हीलच्या पेटीसकट, मी तीन वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या भंगारवाल्याला विकली होती. वजनावर. शिवाय अंगणातली जागा मोकळी झाली म्हणून खूष झाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळसाच मोडीत घालून वळसा मारायला निघाले होते.

तशी पेटी दुसरी मिळेल, या जीपच्या पेटीसारखी गुणगुणेलही, मेस्त्री म्हणाले. पण प्रत्येकीचे दात ज्याच्या त्याच्या हातानं झिजतात. चढावर गिअर कधी टाकतो, उतारावर कधी सोडतो, तसा आवाज बनतो. अण्णांच्या तीस वर्षांच्या हातानं बनलेला तो आवाज होता. इंजिन मी घेतलं नाही. उमाकांतबाबांच्या गाडीत ते सुखात आहे.

शनिवारी पत्रादेवी, बांदा, आंबोली करून परतले. रस्ता चांगला आहे, डिझेल दोन्ही वेळचं मिळून फार लागलं नाही, आणि डिचोली-पेडणे भागात माणसं भली भेटतात. कुणी जात असाल तर काजूच्या दिवसांत जा. एवढं सगळं खरं असूनही आंबोलीचा घाट चढताना मी माझ्या गुळगुळीत गिअरांना शिव्या देत होते.

घरी आई शेंगा फोडत बसली होती. गुडघ्यांमुळं ती हल्ली फार उठत नाही. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "डिझेल घातलं तरी त्योच आवाज यायचा. अण्णा जाईस्तोवर यायचा. तू हुतीस कुठं ऐकायला?"

"मग पेटी विकली तेव्हा बोलली का नाहीस?"

"इकून आल्यावर कळलं मला. तू पेढं घेऊन आलीवतीस. किती खूष हुतीस. काय सांगू?"

तिनं टरफलं बाजूला सारली.

"वळणाला आवाज आला की मी तवा ठेवायची बघ. आता गाडी दारात येऊन हुबी ऱ्हाती, तरी मला कळतच न्हाई कुणी आलंय म्हणून."