नाणेघाटचा वारा, लेण्याद्रीची वंदना

जुन्नरला कधी जावं असं कुणी विचारलं की सगळे पावसाळा सांगतात. मी मे महिना सांगते. डोंगर तेव्हा उघडेबोडके असतात हे खरं, पण गर्दी नसते, करवंदं असतात, आणि उन्हातून लेण्यात शिरल्यावर गारवा म्हणजे काय ते कळतं. माझी पहिली फेरी मेमधलीच. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी नुकतीच दहावीत गेले होते, आणि आम्ही तिघं भोसरीहून एस.टी.नं निघालो ते काही हवापालटासाठी नव्हे. अण्णांना बुद्ध पौर्णिमेला वस्तीत थांबायचं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. बार्शीकडून येऊन भोसरीच्या एका कारखान्यात हॅमरवर लागलेले. तापलेल्या लोखंडावर घण पडायचा, पायाखालची जमीन हादरायची, आणि शेजारचा माणूस काय बोलतोय ते कुणालाच ऐकू यायचं नाही. म्हणून तिथं सगळा कारभार हातांनी चालायचा. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावर थाप द्यायचा. एक थाप म्हणजे चालू दे, दोन म्हणजे थांब. अण्णांनी हे घरी करून दाखवलं होतं. लहानपणी मी त्यांच्या पाठीवर बसून त्यांना असंच चालवायचे आणि थांबवायचे.

वस्तीत मात्र त्यांची ओळख वेगळी होती. लग्न असो, नामकरण असो की पौर्णिमा, वंदना अण्णाच म्हणायचे. ते एक ओळ म्हणणार, बाकीचे ती मागून म्हणणार. त्या वर्षी एका लग्नात घोटाळा झाला. आमची ओळ संपायच्या आतच अण्णांनी पुढची सुरू केली, आणि एकदा नाही, सारखीच. मांडवात पोरं हसली. नवरदेवाचा मामा म्हणाला की अण्णांना आज जेवणाची घाई झालेली दिसते. त्या दिवसापासून अण्णांनी घसा बसल्याचं सांगून वंदना सोडली. घसा चांगला ठणठणीत होता. आईनं कारण विचारलं की ते विषय बदलायचे. पौर्णिमा जवळ आली तशी मंडळी बोलवायला येणार हे उघड होतं. तेवढ्यात कंपनीला उन्हाळी सुट्टी लागली आणि अण्णा म्हणाले, चला, डोंगर बघून येऊ. आईनं भाकऱ्या बांधल्या.

नाशिक रस्ता तेव्हा अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना झाडं होती. चाकणला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून कांद्याचा वास आत आला. बाजाराबाहेर पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. आज त्याच चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांमागं अडकून तुमचा जीव मेटाकुटीला येईल, तेव्हा पहाटे निघा. कंडक्टरनं मागून येऊन तिकिटाचं विचारलं. अण्णा खिडकीबाहेरच बघत राहिले, म्हणून आईनंच उत्तर दिलं. घरीदारी हल्ली असंच चाललं होतं, आम्हाला त्यात नवल वाटत नव्हतं. खेडचा घाट चढल्यावर हवा बदलली, आणि नारायणगाव सोडून गाडी डावीकडे वळली तसे सगळीकडून डोंगर दिसू लागले. जुन्नरच्या स्टँडजवळच्या एका खाणावळीत आम्ही मासवडी खाल्ली. नावात मासा असला तरी ती बेसनाची असते, आणि रस्सा इतका झणझणीत की अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुक्काम धर्मशाळेत केला. आता जुन्नरला लॉज भरपूर आहेत.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. आता गाडी थेट घाटाच्या तोंडाशी जाते. आम्ही घाटघरपर्यंत एका मालट्रकमधून गेलो आणि पुढं पायी. वाटेवर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, खाली गुहेत भिंतभर कोरलेली अक्षरं आहेत. अण्णा त्या अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे होते. नंतर आम्ही कड्यावर आलो. खाली कोकण पसरलेलं, उन्हानं पांढरट झालेलं, आणि वर येणारा वारा असा की आईला पदर हातात धरून ठेवावा लागत होता. मला तिथं बसूनच राहावंसं वाटलं.

अण्णा पुढं कडेपर्यंत गेले. करवंदं वेचणारी एक म्हातारी त्यांच्या मागून ओरडली, "अवं पावनं, मागं सरा, तिथली दरड ढिली हाय." अण्णा वळले नाहीत. ती पुन्हा ओरडली. मला वाटलं ते मुद्दामच थांबलेत. आई धावत गेली आणि तिनं त्यांचा सदरा मागून धरून ओढला. अण्णा दचकून वळले. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि हसून म्हणाले की वाऱ्यात काही ऐकूच आलं नाही. माझं तेवढ्यावर समाधान झालं. म्हातारीनं ओंजळभर करवंदं दिली, ती खात आम्ही परतलो. आई मात्र उतरताना अण्णांच्या मागून चालली आणि तिनं वाटेत त्यांना दोनतीनदा हळू आवाजात हाक मारली. ते एकदाही वळले नाहीत.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. सकाळीच लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या पुष्कळ आहेत, उन्हं चढायच्या आत चढा, आणि हातात खायचं काही दिसू देऊ नका. माकडांनी आमच्या उरलेल्या भाकऱ्या पहिल्याच वळणावर नेल्या. लोक सगळे गणपतीच्या लेण्याकडे जातात. त्याच्या शेजारी चैत्यगृह आहे, तिथं त्या दिवशीसुद्धा शुकशुकाट होता. आत खांबांची रांग, खांबांवर कोरलेले प्राणी आणि शेवटी नुसता स्तूप. मूर्ती नाही, रंग नाही. उजेड फक्त दारातून येतो, त्यामुळे आतल्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही.

ओतूरहून आलेलं एक वयस्कर जोडपं दाराच्या उजेडात फुलं घेऊन उभं होतं. दरवर्षी पौर्णिमेला ते इथं यायचेच. अण्णांना बघून म्हातारबाबा पुढं आले आणि म्हणाले, "तुमीच म्हणा पावनं. आमाला सगळं पाठ न्हाई, मागून म्हणतो." अण्णांनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं असणार, कारण त्यांनी लगेच घशाला हात लावला. आई शांतपणे म्हणाली, "म्हणा. दुसरं कोण म्हणणार हितं?"

अण्णा स्तूपाकडे तोंड करून उभे राहिले, आम्ही मागं. त्यांनी पहिली ओळ म्हटली. तो आवाज त्या दगडात असा घुमला की माझ्या अंगावर काटा आला. आम्ही मागून म्हटलं. पण आमची ओळ अर्धी होते न होते तोच त्यांनी दुसरी सुरू केली. म्हातारबाबा अडखळले. तिसरी ओळ झाली आणि आता अण्णा उलट थांबून राहिले. आमचं म्हणून झालं, घुमणारा आवाजही विरला, तरी ते थांबलेलेच. त्यांनी मान किंचित वळवून मागं पाहिलं, पण अंधारात त्यांना आमचे ओठ दिसले नसावेत. मग मला कळलं. लग्नातली घाई, कंडक्टर, कड्यावरचा वारा, सगळं एकदम कळलं. ज्यांच्या आवाजावर अख्खी वस्ती वंदना म्हणायची, त्यांना त्या वस्तीचा आवाज येत नव्हता.

आई दोन पावलं पुढं गेली. अण्णांच्या मागं उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर तिनं एक थाप दिली.

अण्णांनी चौथी ओळ म्हटली. आम्ही ती मागून म्हटली, आणि संपली तशी आईची पुन्हा एक थाप. त्यानंतर एकही ओळ चुकली नाही. पंचशील पूर्ण झालं तेव्हा आईनं दोन थापा दिल्या आणि अण्णांनी हात जोडून मान खाली घातली. ते लवकर वळले नाहीत. म्हातारबाबांना यातलं काही कळलं नसावं. असं खणखणीत म्हणणारा माणूस पुष्कळ वर्षांनी भेटला, असं ते म्हणाले.

उतरताना आई अण्णांच्या खालच्या पायरीवर त्यांच्याकडे तोंड करून बसली. अण्णांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"काल," आई म्हणाली. "वाऱ्यावर ढकललं तुमी, तवा."

कामावर समजलं तर हॅमरवरून काढतील, असं अण्णा म्हणाले. मग म्हणाले की त्याचंही इतकं नाही, पण माणसांच्या पुढं उभं राहून त्यांचंच ऐकू येत नाही, याची लाज वाटते.

"कामाचं कामावर बघू," आई म्हणाली. "वंदना आपली हाय. ऐकायला मी हाय की."

संध्याकाळच्या गाडीनं भोसरीला परतलो. रस्ता तोच, पण येताना अण्णा खिडकीशी न बसता आईकडे तोंड करून बसले आणि कितीतरी बोलले. पुढच्या पौर्णिमेला त्यांनी विहारात पुन्हा वंदना म्हटली. आई मागं उभी, हात त्यांच्या खांद्यावर. बायकांनी तिला चिडवलं की या वयात नवऱ्याला धरून उभी राहतेस. आई हसायची, पण हात काढायची नाही. अण्णा निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही हे असंच चाललं.

जुन्नरला मी पुढं बऱ्याचदा गेले. नाणेघाटात आता मक्याची कणसं मिळतात आणि कड्याला कठडा आहे. लेण्याद्रीचं चैत्यगृह तेवढं तसंच राहिलंय. तिथं गेलात तर दोन मिनिटं बोलणं बंद करून उभे राहा.

अण्णा गेले तेव्हा घरात वंदना वस्तीतल्या एका तरुण मुलानं म्हटली. आई त्यांच्या उशाशी बसली होती. प्रत्येक ओळ आम्ही मागून म्हणून झाली की तिचा हात त्यांच्या खांद्यावर पडत होता, एकदा. कुणी तिला अडवलं नाही. पंचशील संपलं, आणि तिनं दोनदा थाप दिली.