बुजवलेली खिडकी

शिंपीणबाईंनी दोन अर्ज केले आणि दोन्ही परत आले. वस्ती जुनी, ती जपायची, म्हणून रस्त्याकडच्या भिंतीला बोट लावायचं नाही असा नियम. बाईंना फक्त दुकानाची खिडकी मोठी करून हवी होती. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. दिवा लावूनही काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, आणि कोटांचं काम म्हणजे बहुतेक काळंच! उजेड मिळाला नाही, तर चाळीस वर्षांचं दुकान बंद करून लेकाच्या घरी नुसतं बसून राहायचं.

लेक म्हणाला, "आई, सुट्टीच्या दिवशी गवंडी आणतो. फोडू भिंत. मग बघू कोण काय करतंय."

"आणि त्यांनी दुकानालाच टाळं ठोकलं म्हणजे? गप बस."

तिसऱ्या अर्जासोबत खिडकीची मापं द्यायची होती. बाईंनी गिऱ्हाइकाची घ्यावीत तशी खिडकीची मापं घेतली. रुंदी, उंची, वर शिवणीसाठी दीड इंच जास्त. शेरा लिहिला : 'तळाची पट्टी मूळची नाही, नंतर जोड दिलेला आहे.'

चौथ्या दिवशी परवानगी खात्याचे साहेब दारात हजर. सगळी गल्ली त्यांना नकारसाहेब म्हणायची.

"हे दीड इंच कसले?" त्यांनी विचारलं.

"शिवणीचे," बाई पुटपुटल्या आणि शरमेनं लालबुंद झाल्या.

साहेब हसले नाहीत. "आणि जोड?"

"चौकटीचा दगड बाजूंना एका जातीचा, खाली वेगळ्या. कापडाला ठिगळ लावलं की कळतं ना, तसं."

साहेब गुडघ्यांवर बसले. त्यांनी खिडकीखालचा गिलावा बोटांनी वाजवला, मग चाकूनं हलकेच खरवडला. बाजूंचे दगड तसेच खाली, पार कमरेपर्यंत गेलेले. खिडकी मुळात दुप्पट उंच होती. पूर्वी कुणीतरी निम्मी बुजवून टाकली होती.

"नवीन भोक पाडायला मी परवानगी देऊ शकत नाही," ते कपडे झटकत म्हणाले. "पण जुनं होतं तसं करायला नियमच सांगतो. अर्ज मी सांगतो तसा लिहा."

दीड महिन्यात परवानगी आली आणि खिडकी बुजवलेल्या विटा निघाल्या. काम तपासायला साहेब आले तेव्हा बाई खिडकीशी बसून काळ्या कोटाला काज करत होत्या. दोन वर्षांत त्यांनी काजाला हात लावला नव्हता.

"साहेब, तुमच्यामुळे मी अजून शिंपीण आहे," त्या म्हणाल्या. "बसा ना. चहा घेऊनच जा."

साहेब उभेच राहिले. कागदावर सही करायची तेही विसरले.

"वीस वर्षं लोकांच्या दारात जातोय, बाई," ते म्हणाले. "बसा, असं कुणी म्हणालं नव्हतं."