नाताळच्या फोटोतली जागा

करंज्या तळल्याचा वास आला, की मला कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या पायऱ्या आठवतात. थोरला भाऊ बारा वर्षांचा होता. शाळेला म्हणून गेला तो परत आलाच नाही. त्या वर्षीही नाताळच्या उपासनेनंतर आम्ही नेहमीसारखे पायऱ्यांवर फोटोला उभे राहिलो. आईने माझ्या नि तिच्या मध्ये जागा सोडली. फोटोवाला म्हणाला, “वैनी, जरा जवळ सरका की.” आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. देव आणणार हाय त्याला. मग उभा कुठं ऱ्हाणार त्यो?” वडील फाटकाकडे बघत राहिले. आई गेल्यावर, काल मी त्या वर्षापासूनचे सगळे फोटो ओळीने मांडले. प्रत्येकात त्या रिकाम्या जागेवर आईचा हात अधांतरी आहे, पोराच्या खांद्यावर ठेवावा तसा, आणि दर वर्षी तो थोडा वर गेलेला आहे.