पिस्तुलाचे दात

ती घटना आजही आठवते असं लिहायचा आम्हा निवृत्त पोलिसांत रिवाज आहे. मला ती आठवावी लागत नाही. बाजारात कुणाच्या खांद्यावर पिवळा पंचा दिसला, की ती आपणच येऊन समोर बसते.

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमधली माणसं नव्या वसाहतींत गेली होती, आणि लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. डाळीच्या गिरण्यांपेक्षा केमिस्ट्रीचे सर जास्त झाले होते. आमच्या पोलीस ठाण्याच्या भिंतीवरच्या पालींनासुद्धा आवर्तसारणी पाठ होती, कारण शेजारच्या हॉलमध्ये सकाळी सहापासून माइकवर तीच चालू असायची.

अशाच एका क्लासचे मालक, सगळे त्यांना सर म्हणत, फिर्याद घेऊन आले. त्यांचं परवान्याचं पिस्तूल घरातल्या टेबलाच्या खणातून गेलं होतं. तळहाताएवढं, परदेशी, दुसऱ्या परवानाधारकाकडून विकत घेतलेलं.

"चोर कोण, तेही सांगतो," सर म्हणाले. "माझा वॉचमन. घरची चावी त्याच्याकडेच असते."

वॉचमन भूकंपात घर गेलेला, औसा तालुक्यातला. एक मुलगी तेवढी वाचलेली. ती सरांच्याच क्लासला बारावीचं शिकत होती, बापाच्या नोकरीमुळे बिनफीचं. परीक्षा महिन्यावर आली होती. त्याला चौकशीला बोलावलं, तर त्याने पहिला प्रश्न मलाच केला.

"साहेब, माझं काय बी करा. पोरीचं नाव कमी करत्याल का?"

सर दारातूनच म्हणाले, "केलंच समज! पिस्तूल मिळेपर्यंत तिनं क्लासची पायरी चढायची नाही."

वरून फोन चालू झाले. दोन दिवसांत आरोपीला अटक करा, नाहीतर कारण लेखी द्या. माझ्याकडे वॉचमनविरुद्ध एक चावी होती, दुसरं काही नव्हतं. तो सकाळी येई, बाकावर बसे, संध्याकाळी जाई. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरांचे वडील येऊन बसत. त्यांना सगळे अप्पा म्हणत. सत्तरीचे, धोतर, खांद्यावर पिवळा पंचा. सगळी हयात देवणीच्या जनावरांच्या बाजारात गेलेली. नुसत्या हंबरण्यावरून बैलाचं वय सांगायचे, असं लोक म्हणत. मी तर म्हणतो, बैलाच्या बापाचंही सांगत असतील. ते रोज वॉचमनसाठी भाकरी-पिठलं बांधून आणत. आमचे हवालदार भारावून गेले. "बघा साहेब, पोरगा फिर्यादी आन् बाप जेवण पुरवतो. लई मोठ्या मनाचा माणूस!"

मीही तसंच समजलो. माणूस जेवायला घालतो तेव्हा पोलिसानं आधी कारण विचारावं, हे मी तोवर शिकलो नव्हतो.

अडलं ते कागदावर. मुद्देमालाच्या यादीत किमतीचा रकाना असतो. सर म्हणाले, "दोन लाख लिहा. कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय, म्हणजे दुर्मीळ झालं." हवालदार माझ्या कानाशी लागले, "बंद पडलेली चीज हाय साहेब. भंगार. पाच हजार लई झाले." दोघांचंही मला पटलं, आणि तिथेच माझी झोप गेली. ठाण्यात कुणाला काही कळत नाही असं झालं, की मला स्वतः जाऊन बघितल्याशिवाय राहवत नाही. परवान्याची प्रत घेतली, एसटी पकडली आणि नांदेड गाठलं.

तिथे परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारे आणि विकणारे एक जुने मिस्त्री होते. निजामाच्या वेळेपासूनचं दुकान. चष्मा एवढा जाड, की त्यातून बघितलं तर नांदेडातून लातूर दिसावं. मी विचारलं, "चाचा, बंद झालेल्या मालाची किंमत चढते की उतरते?"

"साब, ते तुम्ही कुणाला विचारून राहिले, त्याच्यावर हाय," ते हसले. "इकणारा म्हणतो, आता असा माल मिळत न्हाई. घेणारा म्हणतो, स्प्रिंग तुटली तर स्प्रिंग बी मिळत न्हाई. दोघं खरं बोलतात. म्हणून कंपनीचं नाव इसरायचं आन् चीज बघायची. नळीतून उजेड बघा, आतले आटे झिजलेत का. वरचा भाग हलवा, खुळखुळतो का. गोळ्यांचं मॅगझिन अडकतं का. जादा मॅगझिन हाय का. नंबर कागदाशी जुळतो का. आन् शेवटी, घेणाऱ्याकडं परवाना हाय का. परवाना नसंल तर किंमत शून्य, फक्त जेल."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण अजीब हाय. चार दिवसांमागं लातूरहून एका म्हाताऱ्याचा फोन आला होता. हेच मॉडेल, बरोबर हेच. भाव विचारत होता."

"काय विचारलं त्यानं?"

"म्हणला, दात किती झाल्यात ते कसं बघायचं? खोड काय असती? नवख्याच्या हातात बुजतं का? मी म्हणलं, बाबा, पिस्तूल हाय का गोऱ्हा? तर म्हणला, मॅगझिन दोन्ही हायत, अडकत न्हाई, आवाज कोरा हाय. मी नव्वद हजार सांगितले. लई खूश झाला. परवाना विचारला, तर फोन ठेवला."

परतीच्या एसटीत मी एकटाच हसत होतो. कंडक्टरने दोनदा तिकीट तपासलं.

दुसऱ्या दिवशी सर, अप्पा आणि वॉचमन, तिघांनाही समोर बसवलं. अप्पांकडे मी बघितलंसुद्धा नाही. कुणावर आरोप नाही, कुणाला दरडावणं नाही. हवालदारांना मोठ्यानं लिहायला सांगितलं.

"लिहा. जुनं, वापरलेलं पिस्तूल. कंपनीनं बनवणं बंद केलेलं. वरचा भाग सैल."

पंचा हलला.

"नळी झिजलेली. मॅगझिन एकच, तेही अडकतं."

पंचा खांद्यावरून मांडीवर आला.

"अंदाजे किंमत, रुपये चार हजार."

"चार हजार?" अप्पा ताडकन उठले. लातूरच्या सगळ्या क्लासेसचे माइक त्या आवाजापुढे मुके झाले असते. "कोन म्हन्तं अडकतं? लोन्यावानी सरकतंय! दोन मॅगझिन हायत! चार हजारात गाढव येत न्हाई, साहेब!"

हवालदारांच्या पेनातली शाई तिथेच वाळली. सर हळूच म्हणाले, "अप्पा, तुम्ही?"

"हाव. मीच." अप्पा खाली बसले. "दुसऱ्या क्लासवाल्यानं तुझा मास्तर पळवला, तवा तू ते जेवताना ताटाशेजारी ठिवलंस. म्हणलास, एकदा दाखवतोच त्याला. माझ्या घशाखाली घास गेला न्हाई. भूकंपात ह्या हातांनी मानसं काढल्यात, पोरा. आनखी कुनाचं मढं काढायची ताकद न्हाई माझ्यात."

मी विचारलं, "मग विहिरीत का नाही टाकलं?"

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच गुन्हेगार. "नव्वद हजाराची चीज हिरीत? भाव केल्याबिगर आमच्या घरातून खराटाबी बाहेर जात न्हाई, साहेब."

पिस्तूल घरामागच्या गाईच्या गोठ्यात, सरकीच्या पोत्यात सापडलं. दोन्ही मॅगझिन होती, नंबर जुळला, खरोखर लोण्यासारखं सरकत होतं. सरांच्या निष्काळजीपणाचा अहवाल गेला, परवाना स्थगित झाला, हत्यार जमा झालं. अप्पांबद्दल कागदावर काय लिहिलं ते विचारू नका. मी निवृत्त आहे, पण पेन्शन चालू आहे.

वॉचमन मात्र बाकावरून उठला नव्हता. तो अप्पांना एवढंच म्हणाला, "तुमाला ठावं होतं. तीन दिस माज्याशेजारी बसून भाकर खाऊ घातली, आन् तुमाला ठावं होतं?"

अप्पा त्याच्याजवळ सरकले, पंचा पसरला आणि त्याखाली आपला हात घातला. देवणीच्या बाजारात सौदा असाच होतो. पंच्याखाली बोटं धरून भाव ठरतो, चारचौघांना पत्ता लागत नाही. वॉचमननंही हात आत घातला. पंचा एकदा हलला. थांबला. वॉचमननं मान हलवली, नाही. पुन्हा हलला. अप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी मान खाली घातली. सौदा झाला होता.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. आरोपीला 'चोरी केलीस का' असं विचारलं, तर तो सावध होतो. त्याच्या आवडीच्या वस्तूला नावं ठेवली, तर तो विसरतो की आपण आरोपी आहोत. पुढच्या नोकरीत ही युक्ती मी किती वेळा वापरली, ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा फेकतोय.

तीन आठवड्यांनी त्या क्लासवरून जात होतो. बारावीची परीक्षा तोंडावर, पोरांची ही गर्दी. गेटवर वॉचमनच्या स्टुलावर अप्पा बसले होते. खांद्यावर पंचा, हातात काठी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला नाव विचारत. वॉचमन कुठाय म्हणून विचारलं.

"गावाकडं हाय. पोरीच्या अभ्यासाला सोबत. पगार चालू हाय त्याचा. परीक्षा होईस्तोवर हितं मी."

"आणि पोरीचा क्लास?"

अप्पांनी काठीनं आत दाखवलं. "रविवारी येती. सर सवता शिकवतो तिला. समोर बसवून."

मी खाली वाकून विचारलं, "अप्पा, त्या दिवशी भाव कितीवर ठरला? पगार, क्लास आणि हे स्टूल, एवढंच होतं, का आणखी काही?"

अप्पांनी पंचा झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

"साहेब, पंच्याखालचं भाईर बोलत नसत्यात. सरका, गेटमधी हुबं राहू नका. पोरान्ला उशीर होतोय."